चार डिस्क, दहा भोकं

सकाळी एक ध्वनिमुद्रण ऐकायला घेतलं आणि ते अकराव्या मिनिटाला तुटलं. दुसरी फाइल उघडलीच नाही. मग फोल्डरची यादीही येईना, पडद्यावर फक्त ‘इनपुट/आउटपुट एरर’. सर्व्हरवर ॲरेची, म्हणजे एकच मोठी डिस्क म्हणून एकत्र जोडलेल्या चार डिस्कच्या संचाची, स्थिती पाहिली. ओळीच्या शेवटी प्रत्येक चालू डिस्कचा एक असे चार यू दिसायला हवेत, तिथे दोन यू आणि दोन आडव्या रेघा होत्या. माझी मांडणी रेड ५ ची, म्हणजे डेटाबरोबरच तो भरून काढण्याचा हिशेबही सगळ्या डिस्कवर वाटून ठेवणारी. तिच्यात एक डिस्क गेली तर काम चालतं. माझ्या दोन गेल्या होत्या.

त्या ॲरेवर १३ वर्षांची पक्ष्यांच्या आवाजांची मुद्रणं होती. ९,३४२ फाइली, ५.२ टेराबाइट. त्यातल्या काही जागी आता झाडंच उरलेली नाहीत, त्यामुळे ते आवाज कुणालाच पुन्हा मिळणार नाहीत. बॅकअप होता, पण तीन वर्षं मागे राहिलेला. शेवटच्या तीन वर्षांचं काम फक्त या चार डिस्कवर होतं. सगळी परत मिळायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांतला बराचसा वेळ मी काहीही न लिहिता केवळ वाचण्यात घालवला, आणि काम त्यामुळेच जमलं.

रचना साधी होती. ४ टेराबाइटच्या चार डिस्क, लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड (तो चालवणारा लिनक्सचा भाग म्हणजे एमडी), एमडीॲडम या प्रोग्रॅमने बनवलेला, त्यावर ईएक्सटी४ फाइलसिस्टम. चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा, ५१२ किलोबाइटचा. सुपरब्लॉक, म्हणजे प्रत्येक डिस्कवरची ॲरेच्या माहितीची नोंद, १.२ जातीचा, प्रत्येक पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ किलोबाइट आत बसलेला. ऑपरेटिंग सिस्टम वेगळ्या एसएसडीवर होती, म्हणून मशीन तरी चालू होतं. डिस्कना यापुढे अ, ब, क, ड म्हणते.

पहिलं काम केलं ते कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचं. दुसरं, मशीन बंद. पुन्हा सुरू करून बघावं असं फार वाटत होतं, पण नोंदींमध्ये ‘ड’च्या नावाने वाचनाच्या चुका आणि लिंक रीसेट (डिस्कशी जोडणी पुन्हा सुरू करणं) यांची रांगच होती. जी डिस्क वाचताना अडखळते आहे, तिचे किती तास उरलेत ते कुणाला माहीत! ते तास विचार करत बसण्यात खर्च करायचे नव्हते. विचार मशीन बंद असतानाही करता येतो.

एका मित्राला फोन केला. त्याने आजवर बरेच सर्व्हर सांभाळले आहेत. तो म्हणाला, “अगं, घाबरतेस काय? केबली नीट बसव, त्याच चार डिस्क देऊन ॲरे नव्याने क्रिएट कर. डेटा असतो तिथेच.”

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि या सल्ल्यापायी घात होतो तो त्या अर्ध्या खऱ्यामुळेच. क्रिएट केल्यावर डेटा जागेवर राहू शकतो, पण डिस्कचा क्रम, चंकचा आकार, पॅरिटीची (भरून काढण्याच्या हिशेबाची) मांडणी आणि डेटा सुरू होण्याची जागा या चारही गोष्टी पूर्वीसारख्याच जुळल्या तर. डेटा सुरू होण्याची जागा तर एमडीॲडमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळी आहे. जुन्या आवृत्तीने बनवलेला ॲरे नव्या आवृत्तीने ‘तसाच’ बनवायला गेलं की ती सरकते. त्यातून रेड ५ नव्याने बनवताना एमडीॲडम नेहमीच्या पद्धतीने शेवटची डिस्क रिकामी धरतो आणि बाकीच्यांवरून हिशेब करून ती भरायला घेतो. म्हणजे एंटर दाबल्याच्या क्षणापासून एक डिस्क पुसली जाऊ लागते. ‘अझ्यूम क्लीन’ असा पर्याय दिला तर ते टळतं, पण सुपरब्लॉक मात्र पुसले जातातच. आणि ॲरेत शेवटी नेमकं काय घडलं, याची नोंद ठेवणारी सगळ्यांत विश्वासाची वही म्हणजे तो सुपरब्लॉकच.

मी मित्राला म्हटलं, “आधी वही वाचते. मग बघू.”

वाचण्यासाठी मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू केलं. सुरू होतानाच सिस्टम ओळखीच्या डिस्क जमवून आपणहून ॲरे उभा करू पाहते, ते आधी बंद केलं. तरीही उभा राहिलेला अर्धामुर्धा ॲरे लगेच थांबवला. चारही डिस्क कर्नेलच्या पातळीवर रीड-ओन्ली केल्या. मग एका कागदावर प्रत्येक डिस्कचा सिरियल क्रमांक, ती कोणत्या पोर्टला आहे आणि ॲरेमध्ये तिची भूमिका कितवी, हे लिहून काढलं. कर्नेल देतो ती एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक बूटला बदलू शकतात. सिरियल क्रमांक डिस्कच्या अंगावर छापलेला असतो. तो कागद पुढचे सहा दिवस टेबलावर होता, आणि त्याच्याकडे पाहिल्याशिवाय मी एकही आज्ञा दिली नाही.

मग चारही सुपरब्लॉक वाचले, त्यांचं आउटपुट जसंच्या तसं जपून ठेवलं आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. सगळं उत्तर तिथे होतं. ॲरेच्या स्थितीत बदल झाला की एमडी प्रत्येक चालू डिस्कच्या सुपरब्लॉकमधला एक आकडा वाढवतो. त्याला इव्हेंट काउंट म्हणतात. जी डिस्क बाहेर पडते तिचा आकडा तिथेच गोठतो. माझ्या ‘अ’ आणि ‘ब’चा आकडा ४८,२१३ होता. ‘ड’चा ४८,२०७. ‘क’चा ३१,९९०.

शेवटच्या बदलाच्या वेळाही तेच सांगत होत्या. ‘ड’ त्याच सकाळी पडली होती, मी फाइल ऐकत असताना. ‘क’ मात्र ३७ दिवसांपूर्वीच गळाली होती. सदतीस दिवस ॲरे तीन पायांवर उभा होता आणि मला पत्ता नव्हता, कारण एमडीॲडमच्या देखरेखीला इशारा पाठवण्यासाठी ईमेलचा पत्ताच मी दिलेला नव्हता. त्या एका रिकाम्या ओळीचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पण हिशेब स्पष्ट झाला. ‘ड’ सहा पावलं मागे होती. तीही बहुतेक तिला काढून टाकल्याच्या नोंदींचीच. तिच्यावरचा डेटा ताजा होता. ‘क’वर मात्र सव्वा महिन्यापूर्वीचं जग होतं. ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ घेऊन ॲरे जबरदस्तीने उभा केला असता तर तो उभा राहिलाही असता, पण त्यात जुनं-नवं एकमेकांत मिसळलं असतं. निर्देशिका नव्या, त्यांतले ब्लॉक जुने. त्यावर फाइलसिस्टमची दुरुस्ती चालवली की ती इमानेइतबारे सगळं ‘नीट’ करते, म्हणजे जे पटत नाही ते कापून टाकते. ॲरे पडल्याने डेटा जातो त्याहून अधिक वेळा तो अशा दुरुस्तीने जातो, असं माझं ठाम मत झालं आहे.

मग प्रत्येक डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढली आणि परिस्थिती आणखी अवघड झाली. ‘क’ पूर्ण निरोगी होती. तिचा फक्त १९९ क्रमांकाचा आकडा फुगलेला, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या प्रवासात झालेल्या चुका. केबल सैल होती, एवढंच. ‘ड’चा १९७ क्रमांकाचा आकडा ८८ होता, म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे ८८ सेक्टर. जी डिस्क धडधाकट होती तिच्यावरचा डेटा शिळा, आणि ताजा डेटा जिच्यावर होता ती डिस्क मरणपंथाला लागलेली.

‘ड’ बाहेर का पडली, हेही नोंदींवरून कळलं. ती साधी डेस्कटॉप डिस्क होती. अशा डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी कधी मिनिटभराहून जास्त. ती एकटी असते तेव्हा हा गुण आहे. पण लिनक्स कर्नेल उत्तरासाठी ३० सेकंदच थांबतो आणि मग लिंक रीसेट करतो. डिस्क आत प्रयत्नांत गुंतलेली, रीसेटलाही प्रतिसाद नाही, तेवढ्यात एक लेखन अपयशी ठरतं आणि एमडी तिला बाद करतो. ॲरेसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात, म्हणजे दुसऱ्या डिस्कवरून ती जागा भरून काढता येते. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली तेव्हा त्यातला ‘आय’ म्हणजे ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, स्वस्त, असाच होता. स्वस्त डिस्क घेणं चूक नव्हतं. तिचा स्वभाव आणि कर्नेलचा धीर यांचा मेळ घालायला हवा होता, तो मी घातला नाही.

आता काय करायचं ते ठरलं. ‘ड’ची प्रत काढायची, तीही ॲरे उभा करण्याआधी. ॲरे उभा केला की वाचन वेडंवाकडं, कुठूनही कुठेही होतं, आणि दुखऱ्या डिस्कला तेच झेपत नाही.

त्यासाठी नवी रिकामी डिस्क आणली आणि जीएनयूचा डीडीरेस्क्यू वापरला. डिस्क सरळ उतरवत जाणाऱ्या साध्या डीडीपेक्षा त्याचा मोठा गुण म्हणजे तो आधी सोपं सोपं उचलतो. अडचण आली की ती जागा सोडून पुढे उडी मारतो, आणि काय मिळालं, काय राहिलं हे एका मॅपफाइलमध्ये लिहीत जातो. मध्येच मशीन बंद पडलं तरी त्याच जागेपासून पुढे सुरू होतो. पहिल्या फेरीत ‘स्क्रेप’ करू नकोस असं सांगितलं, म्हणजे खराब भाग खरवडत बसणं नंतरसाठी ठेवलं. नऊ तासांत चार टेराबाइटपैकी १.३ मेगाबाइट सोडून बाकी सगळं उतरलं. त्या क्षणी मी पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

उरलेल्या १.३ मेगाबाइटला जवळजवळ दीड दिवस लागला. दुसऱ्या फेरीत कडा छाटून झाल्या, तिसऱ्या फेरीत एकेक सेक्टर खरवडून झाला आणि आकडा ९६ किलोबाइटवर आला. मग डिस्क काही तास बंद ठेवून थंड होऊ दिली आणि उलट्या दिशेने वाचायला सांगितलं. त्याने आणखी थोडं मिळालं. शेवटी ४०,९६० बाइट राहिले ते राहिलेच. ४,०९६ बाइटचे दहा भौतिक सेक्टर. चार टेराबाइटमध्ये दहा भोकं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नव्या प्रतीत ती दहा भोकं दिसत नाहीत. तिथे शून्यं असतात, आणि नवी डिस्क ती शून्यं कुरकुर न करता वाचून देते. जुनी डिस्क निदान चूक झाल्याचं सांगत होती. प्रत तेही सांगत नाही. भोकं कुठे आहेत हे आता फक्त मॅपफाइललाच माहीत होतं. तिच्या तीन प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या. मूळ ‘ड’ काढून बाजूला ठेवली. ती आणि तिची प्रत एकाच वेळी जोडलेली असणं धोक्याचं, कारण दोघींच्या अंगावर तोच ओळख क्रमांक आणि तीच भूमिका असते.

आता ‘अ’, ‘ब’ आणि ‘ड’ची प्रत एकत्र आणायची होती, पण त्यांच्यावर एक बाइटही न लिहिता. फोर्स देऊन ॲरे जमवताना एमडीॲडम सुपरब्लॉकमधले आकडे जुळवतो, म्हणजे लिहितोच. यावर उपाय म्हणजे ओव्हरले. प्रत्येक डिस्कसाठी एसएसडीवर ५० गिगाबाइटची विरळ फाइल केली. विरळ म्हणजे सांगायला ५० गिगाबाइट, पण लिहू तेवढीच जागा खाणारी. ती लूप डिव्हाइस म्हणून जोडली आणि डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट बनवून मूळ डिस्कवर काचेसारखी पसरली. वाचन काचेतून खालच्या डिस्कवरून होतं, लेखन मात्र काचेवरच राहतं. प्रयोग फसला तर काच पुसायची आणि पुन्हा सुरू करायचं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात भीती घालवणारी एकच गोष्ट होती ती ही. त्याआधी प्रत्येक आज्ञा देताना हात थरथरत होता.

ओव्हरलेवर असेंबल, फोर्स, आणि फक्त तीन उपकरणं. ‘क’ मुद्दाम वगळलेली. ‘ड’च्या सुपरब्लॉकमध्ये खराब ब्लॉकची यादीही असू शकते आणि तशी असली तर एमडी त्या जागा वाचूच देत नाही, म्हणून ती आधी तपासली, रिकामी होती. एंटर दाबलं. दोन ओळी आल्या: ‘ड’चा इव्हेंट काउंट पुढे नेला, ॲरे तीन डिस्कवर सुरू झाला. चारांपैकी तीन यू.

फाइलसिस्टम लगेच माउंट केली नाही. आधी दुरुस्तीची आज्ञा ‘काहीही बदलू नकोस, फक्त सांग’ या अटीवर चालवली. जर्नलमध्ये, म्हणजे फाइलसिस्टमच्या बदलांच्या रोजनिशीत, काही व्यवहार अर्धे राहिलेत एवढंच ती म्हणाली, बाकी रचना शाबूत. मग रीड-ओन्ली आणि जर्नल न वाचता माउंट केली. फोल्डर दिसले. वर्षांप्रमाणे लावलेले, तेराच्या तेरा. डोळ्यांत पाणी आलं.

ओव्हरलेमुळे पुढचं धाडस सोपं झालं. माउंट काढून नेहमीसारखं माउंट केलं, म्हणजे जर्नलने आपले अर्धे व्यवहार पूर्ण करावेत. ते सगळं लेखन काचेवर झालं. शेवटच्या आठवड्यातल्या दोन फाइली आधी विचित्र आकाराच्या दिसत होत्या, त्या नीट झाल्या. मग ५.२ टेराबाइट एका मोठ्या डिस्कवर उतरवायला घेतले. साधारण १३ तास. एकही चूक नोंदवली गेली नाही.

आणि हे ‘एकही चूक नाही’ खोटं होतं, हे मला माहीत होतं. दहा भोकं कुठेतरी होतीच.

इथे माझ्या फाइलींच्या जातीने मला वाचवलं. मी मुद्रणं फ्लॅकमध्ये ठेवते, म्हणजे काहीही न गमावता ध्वनी दाबणाऱ्या प्रकारात. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीलाच मूळ, न दाबलेल्या ध्वनीची एमडी५ स्वाक्षरी (ध्वनीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहिलेली असते. फाइल उलगडून ती स्वाक्षरी पडताळता येते, त्यासाठी दुसरी प्रत लागत नाही. प्रत्येक फाइल आपला साक्षीदार स्वतःबरोबर घेऊन फिरते. ९,३४२ फाइलींची तपासणी रात्रभर चालली. सकाळी आठ नापास होत्या. उरलेली दोन भोकं ईएक्सटी४ च्या डीबगएफएसने कोणता ब्लॉक कुणाचा आहे हे विचारून शोधली, तर ती मोकळ्या जागेत पडलेली निघाली.

आठ फाइलींमधली एक होती त्या सकाळी अकराव्या मिनिटाला तुटलेली.

बरेच जण इथे थांबले असते, आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. नऊ हजारांतल्या आठ, त्यातही प्रत्येकी सेकंदाच्या तुकड्याएवढा घाव. पण ‘क’ अजून टेबलावर होती. शिळी असली तरी निरोगी. आणि ज्या फाइली ३७ दिवसांपूर्वीच लिहून झाल्या होत्या आणि नंतर कुणी हात लावला नव्हता, त्यांच्यापुरती ‘क’ शिळी नव्हतीच!

रेड ५ ची पॅरिटी म्हणजे एक्सॉर, बिटांची अशी बेरीज की दोन सारखे बिट मिळून शून्य आणि दोन वेगळे मिळून एक. प्रत्येक पट्ट्यात, म्हणजे चारही डिस्कवरच्या एकाच जागेच्या चंकांत, तीन डिस्कवर डेटा असतो आणि चौथ्यावर त्या तिघांचा एक्सॉर. पॅरिटी दर पट्ट्याला एकेक डिस्क सरकत जाते, म्हणून मांडणीचा हिशेब किचकट वाटतो. पण त्यातून एक फार सोपी गोष्ट निघते. डेटाची सुरुवात चारही डिस्कवर एकाच अंतरावर असेल, तर कुठल्याही एका अंतरावरचे चार बाइट घ्या, त्यांचा एक्सॉर शून्यच येणार. पॅरिटी कुणाकडे आहे हे विचारायचीही गरज नाही. मग ‘ड’वरचं भोक म्हणजे त्याच जागेवरच्या ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’चा एक्सॉर. भोक डेटावर पडलेलं असो की पॅरिटीवर, सूत्र तेच. पॅरिटीवर पडलेलं भोकही निरुपद्रवी नव्हतं, कारण ‘क’ गैरहजर असताना तिचा डेटा त्या पॅरिटीवरूनच काढला जात होता.

प्रश्न एवढाच की प्रत्येक भोकाचा पट्टा ३७ दिवसांत बदलला होता का. त्याची खूण शेजाऱ्यांकडे. ५१२ किलोबाइटच्या चंकमध्ये ४,०९६ बाइटचे १२८ तुकडे असतात. भोकाचा एक सोडून उरलेल्या १२७ तुकड्यांचा चारही डिस्कवरून एक्सॉर काढायचा. सगळीकडे शून्य आलं तर तिथे ‘क’ अजून बाकीच्यांशी सहमत आहे. हा पक्का पुरावा नव्हे, कारण एमडी पॅरिटीचा हिशेब ४ किलोबाइटच्या तुकड्यांनी करतो, आणि नेमका तेवढाच तुकडा बदललेला असणं शक्य आहे. पण माझ्या फाइली कित्येक मेगाबाइटच्या, सलग लिहिलेल्या. त्यातला एकच तुकडा बदलण्याचं कारण नव्हतं. आणि अंतिम निकाल द्यायला फ्लॅकची स्वाक्षरी होतीच.

पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या दिवशी तो फक्त वाचत होता आणि छापत होता. भोकं नसलेल्या शंभर जागांवर त्याची परीक्षा घेतली: जुन्या फाइलींच्या जागी शून्य, नव्या फाइलींच्या जागी भलतंच काही. तसंच यायला हवं होतं. मग दहा भोकांवर चालवला. नऊ ठिकाणी शेजारी शून्य. एका ठिकाणी नाही.

ॲरे थांबवला, नऊ जागांची भर ‘ड’च्या प्रतीवरच्या ओव्हरलेत घातली, ॲरे पुन्हा जमवला. कॅशमधलं जुनं वाचलं जाऊ नये म्हणून थांबवून पुन्हा जमवणं गरजेचं होतं. त्या आठ फाइलींची तपासणी पुन्हा लावली. सात पास.

त्या सातांपैकी चार माझ्या जुन्या बॅकअपमध्येही होत्या. स्वाक्षरी जुळली असताना पडताळायची गरज नव्हती, तरी बाइटला बाइट लावून पाहिलं. तसूभरही फरक नाही. मग ती सकाळची फाइल लावली. अकरावं मिनिट आलं, गेलं. दूरवर एक घुबड हाक देत होतं, ते देतच राहिलं. मी शेवटपर्यंत ऐकली, चाळीस मिनिटं, दुसरं काहीही न करता.

राहिली एक. ती १२ दिवसांपूर्वीची होती, म्हणजे ‘क’ बाहेर पडल्यानंतरची. तिच्यासाठी गणितात काही उपाय नव्हता. पण मुद्रणयंत्राची कार्डं दोन महिने न पुसण्याची माझी सवय आहे. कार्ड पिशवीत होतं, त्यावर मूळ वेव्ह फाइल होती. पुन्हा फ्लॅकमध्ये बदलली, तपासली, जागेवर ठेवली. ९,३४२ पैकी ९,३४२.

मित्राला कळवलं तेव्हा त्याने आधी ‘क’ कशाला जोडलीस म्हणून विचारलं. एक्सॉरचं सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “तो प्रोग्रॅम मला पाठव.” पाठवला.

नंतरचं काम थोडक्यात सांगते. सगळं उतरवून, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी नेऊन, तीही फ्लॅकच्या स्वाक्षऱ्यांनी तपासून झाल्यावरच जुन्या डिस्कना हात लावला. नवा ॲरे रेड ६ चा केला, सहा डिस्कचा, दोन डिस्क गेल्या तरी चालणारा. कारण साधं आहे. तीन डिस्कवरून चौथी भरताना १२ टेराबाइट वाचावे लागतात, आणि साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक असं लिहिलेलं असतं. म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात, पण भरणी चालू असताना दुसरा आधार हवाच. ज्या डिस्कना सात सेकंदांची मर्यादा लावता येते त्यांना स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने ती लावली, आणि बूट झाल्यावर ती विसरली जाते म्हणून दर बूटला लागेल अशी सोय केली. ज्यांना लावता येत नाही त्यांच्यासाठी कर्नेलचा धीर ३० वरून १८० सेकंद केला. केबली सगळ्या बदलल्या. दर महिन्याला संपूर्ण ॲरे वाचून पॅरिटी जुळते का याची तपासणी लावली; ‘ड’वरचे सेक्टर महिनोन् महिने कुणी न वाचलेल्या फाइलींखाली खराब होत होते, ते अशा तपासणीत वेळीच उघड झाले असते.

ईमेलचा पत्ता भरला. एमडीॲडमला चाचणीचा इशारा पाठवायला सांगता येतं, तो पाठवून पत्र खरंच येतं का पाहिलं. पहिल्यांदा आलं नाही. मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नीट बसवलेला नव्हता. तो बसवला, पुन्हा चाचणी केली, मग आलं. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती चाचणी आपोआप होते आणि पत्र आलं नाही तर मी उठून बघते.

‘क’ नव्या केबलीवर सहा महिने बिनतक्रार चालते आहे. मूळ ‘ड’ मी टाकलेली नाही. ती एका पाकिटात आहे, त्यावर सिरियल क्रमांक, तारीख आणि आत घडी घालून ठेवलेला दहा जागांचा कागद.